सोन्याच्या गावाला आग लागली, तर धावायचं कुणी?

मेलबर्नच्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की एक दिवस बॅलरॅटसाठी काढून ठेवलेला असतो. शहरापासून साधारण ११० किलोमीटर. तिथे सोव्हरिन हिल नावाचं, सोन्याच्या काळातलं गाव पुन्हा उभं केलंय. पोरं ओढ्यात तसराळी घोळवत सोन्याचा कण शोधतात, मोठी माणसं लाल डगल्यातल्या शिपायांशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी सगळे दमून गाडीत झोपतात.

गेल्या खेपेला बायकोचे मामा आले होते. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी नोकरी काढलेला माणूस. सोनं त्यांना फारसं रुचलं नाही. परतताना मी गाडी बार्कली स्ट्रीटला वळवली. तिथे १८६० च्या दशकातला एक उंच विटांचा मनोरा आहे आणि त्याला लागून अग्निशमन केंद्र. दक्षिण गोलार्धात सलग इतकी वर्षं चालू असलेलं सर्वांत जुनं केंद्र हेच, असं बॅलरॅटकर अभिमानाने सांगतात. मी म्हटलं, "मामा, इथे आग विझवायला येतात त्यांना पगार नसतो. १८५६ साली दल निघालं तेव्हाही नव्हता."

मामांनी मनोऱ्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "पगार नाही, तर येतात कशाला? आणि गाडीच्या डिझेलचं कोण बघतं?"

गाडीत दीड तास माझ्याकडून या दोन प्रश्नांची धड उत्तरं निघाली नाहीत. नंतर वाचत गेलो, तेव्हा कळलं की मामांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. स्वयंसेवी अग्निशमनाच्या गोष्टी शौर्याच्या अंगाने सांगितल्या जातात. खरी गंमत हिशेबात आहे.

जळायलाच बांधलेलं गाव

६ फेब्रुवारी १८५१ रोजी मेलबर्न-बॅलरॅट ज्यात येतात त्या व्हिक्टोरियात असा वणवा पेटला की वसाहतीचा जवळजवळ चौथा हिस्सा होरपळला. त्या दिवसाला 'ब्लॅक थर्सडे' म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅलरॅटला सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मध्ये ७७ हजारांच्या आसपास होती, ती दहा वर्षांत ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. ही भूमी मूळच्या वाडवुरुंग लोकांची. योग्य हंगामात थोडं थोडं रान आपणच जाळून मोठी आग टाळायची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. नव्याने आलेल्यांना ती विचारावीशी वाटली नाही.

आलेल्या माणसाला राहायचं नव्हतंच मुळी. सोनं काढायचं आणि निघायचं. सुरुवातीला माणशी खणायची जागा मिळायची ८ फूट बाय ८ फूट, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा स्वयंपाकघराएवढी. त्याच्या कडेला तंबू. तंबूंच्या मधून जी पायवाट पडली तिच्यावर दुकानं, दुकानांच्या मागोमाग हॉटेलं आणि नाटकगृहं. रस्त्याकडून लाकडी दर्शनी भिंत, वर मोठी पाटी, आणि आत शिरलं की मागचा सगळा भाग कॅनव्हासचा किंवा झाडाच्या सालीचा.

आतून नीटनेटकं दिसावं म्हणून भिंतीला मांजरपाटाचं अस्तर ठोकायचे आणि त्यावर कागद डकवायचे. इथे जरा थांबू, कारण आग समजायची तर हे अस्तर समजायला हवं. फळी आणि कापड यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी राहते. तळाला ठिणगी पडली की गरम हवा त्या पोकळीतून वर धावते आणि खालून ताजी हवा आत ओढून घेते. म्हणजे प्रत्येक भिंत ही एक आयती चिमणी. खोलीत बसलेल्या माणसाला धूर दिसेपर्यंत आग छपराला पोचलेली असते. उजेडाला मेणबत्त्या आणि दिवे, ऊब आणि स्वयंपाकाला लोखंडी चूल, तिचं नळकांडं कापडी छतातून बाहेर काढलेलं. आणि उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा भट्टीसारखा वारा.

बॅलरॅटमध्ये पूर्वेचा मेन रोड हा असा रस्ता. खड्डे चुकवत वेडीवाकडी वळणं घेत गेलेला, अरुंद, दाटीवाटीचा. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा पुन्हा जळाला आणि दर वेळी तसाच पुन्हा उभा राहिला. ओढ्यापलीकडे पश्चिमेला, उंचवट्यावर मात्र सरकारी मोजणीदारांनी आखलेलं गाव होतं. तिथला स्टर्ट स्ट्रीट तब्बल ६० मीटर रुंद आहे. आज मधोमध झाडं आणि पुतळे आहेत, त्यामुळे तो शोभेसाठी रुंद केलाय असं वाटतं. पण ६० मीटरचा रस्ता ओलांडणं ज्वाळेला सोपं नसतं. बंब न विकत घेता मिळालेलं ते अग्निशमन होतं. पुढे व्यापारी पूर्वेचा मेन रोड सोडून पश्चिमेला गेले, त्यामागे पूर होते, बदललेलं खाणकाम होतं, तशा या आगीही होत्या.

आणि पाणी? सोनं पाण्यानेच धुतात, मग पाणी मुबलक असणार असं वाटतं. होतं उलटं. माती धुऊन धुऊन ओढ्याची राड झालेली. पिण्याचं पाणी वरच्या तळ्यातून बॅरलमध्ये भरून गाड्यावर यायचं आणि विकत घ्यावं लागायचं. पाणी विकत घेणारा माणूस शेजाऱ्याच्या आगीवर किती बादल्या ओतेल, हा मामांच्या पठडीतला प्रश्न.

जाळणारे आणि विझवणारे

बॅलरॅटचं नाव ऑस्ट्रेलियात घेतलं जातं ते युरेकाच्या उठावामुळे. त्याची सुरुवात एका जळालेल्या हॉटेलापासून होते. जेम्स स्कोबी नावाच्या खाणकामगाराचा खून झाला, त्याचा आरोप असलेला हॉटेलवाला बेंटली सुटला, आणि १७ ऑक्टोबर १८५४ रोजी हजारोंच्या जमावाने त्याचं युरेका हॉटेल पेटवून दिलं. पोलीस आणि शिपाई तिथेच होते, त्यांना काही करता आलं नाही. तीन जणांना शिक्षा झाली, लोक आणखी भडकले आणि ३ डिसेंबरच्या पहाटे सरकारी फौजेने खाणकामगारांच्या मोर्चेबंदीवर हल्ला केला. त्या चळवळीच्या मागण्यांत सोनं खणायच्या परवान्याची फी रद्द करा ही जशी होती, तशी मताचा हक्क द्या ही पण होती.

दोन वर्षांच्या आत, १८५६ मध्ये, याच गावात लोकांनी स्वतःचं अग्निशमन दल उभं केलं. दलाचा कॅप्टन सभासद मतं देऊन निवडायचे. ज्या वसाहतीत मतासाठी गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे सामान्य माणूस सर्वांत आधी ज्या गोष्टींसाठी मत देत होता त्यांत बंब ओढणाऱ्यांचा म्होरक्या हीसुद्धा एक होती. मला हे फार आवडतं.

पण भावनेवर दल चालत नाही. बंब परदेशातून मागवायचा, नळ्या घ्यायच्या, शेड बांधायची. पैसा कुणाचा?

आपल्या सोसायटीतल्या लिफ्टचा विचार करा. पहिल्या मजल्यावरचे जोशी म्हणतात, मी जिना चढतो, मी लिफ्टचा मेंटेनन्स देणार नाही. त्यांना निदान लिफ्टमध्ये शिरू न देण्याची सोय तरी आहे. आगीचं तसं नाही. जोश्यांनी वर्गणी दिली नाही म्हणून त्यांचं घर जळू दिलं, तर वारा ती आग वर्गणी भरलेल्या देशपांड्यांच्या घरात नेणार. म्हणजे न देणाऱ्याचंही घर वाचवावंच लागतं. आणि हे जोश्यांना पक्कं ठाऊक असतं. अर्थशास्त्रातला हा जुना पेच आहे: ज्या सेवेतून कुणालाच वगळता येत नाही, तिच्यासाठी आपणहून पैसे कोण देणार?

सोन्याच्या गावांनी यावर एकच असं उत्तर काढलं नाही, चार-पाच ठिगळं जोडली. ज्यांचं गमावण्यासारखं जास्त होतं त्यांनी जास्त द्यायचं, म्हणजे दुकानदार, हॉटेलवाले, गुदामवाले. विमा कंपन्यांनी देणगी द्यायची, कारण वाचलेलं प्रत्येक दुकान म्हणजे त्यांचा वाचलेला दावा. नगरपालिका झाली की तिने थोडं अनुदान द्यायचं. उरलेलं नाच, जलसे, नाटकाचे प्रयोग यांच्या तिकिटांतून. आणि श्रम? ते सभासदांचे, फुकट.

फुकट म्हणजे अगदी निःस्वार्थ, असं मात्र धरून चालू नका. असल्या दलांत प्रामुख्याने गावात बस्तान बसवलेले लोक शिरायचे: दुकानदार, सुतार, लोहार, कारकून. ज्याचं सगळं घर पाठीवरच्या वळकटीत मावतं त्याला आग लागल्यावर पळता येतं. दुकानात उधारीवर माल भरलेल्याला पळता येत नाही. त्याने बंबाचा दांडा धरला तो आपली उधारी धरून ठेवायलाच.

हापसा, दहा माणसं इकडे, दहा तिकडे

'बंब' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. आपण तो अंघोळीच्या पाण्यालाही लावला आणि आगीच्या गाडीलाही. १८५६ चा बंब मात्र शब्दाच्या मूळ अर्थाला जागणारा होता. चाकांवर बसवलेला पंप, बस्स. इंजिन नाही, वाफ नाही.

गावाकडचा हापसा आठवा. दांडा खाली दाबला की पाण्याचा भपकारा येतो, वर उचलला की धार तुटते. आग विझवायला तुटक धार कामाची नाही. ती लांब जात नाही आणि मधल्या क्षणात ज्वाळा पुन्हा उसळी घेते. म्हणून या बंबात दोन नळकांडी असत, एकाच आडव्या दांड्याच्या दोन बाजूंना, सी-सॉसारखी. एका बाजूचा दट्ट्या खाली जाताना दुसऱ्या बाजूचा वर येतो, म्हणजे कुठल्याही क्षणी एक तरी पाणी ढकलत असतो. तरीही दांडा दिशा बदलतो त्या क्षणी धार लटपटतेच. त्यावर तोड म्हणून मधे तांब्याचा एक बंद घुमट. त्यात हवा कोंडलेली. पाणी आत घुसलं की हवा दबते, आणि ढकलणारा जोर क्षणभर कमी झाला की तीच दबलेली हवा उसळून पाणी बाहेर काढत राहते. स्प्रिंगचं काम हवा करते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रिचर्ड न्यूशॅमचे असे बंब चालू लागले होते, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं मूळ कल्पना बदलली नाही.

दांड्याला दोन्ही बाजूंना लांब आडव्या काठ्या. मोठ्या बंबाला वीस-बावीस माणसं लागत, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. एका लयीत वर-खाली. पाच-दहा मिनिटांत दम जातो, खांदे भरून येतात, मग दुसरी फळी उभी राहते. म्हणजे एक बंब तासभर चालवायचा तर चाळीस-साठ माणसं हवीत. दलात इतके सभासद कुठून आणणार? बघ्यांनाच जुंपायचं. लंडनमध्ये या बघ्यांना पहिल्या तासाला शिलिंग मिळायचा आणि वर बिअर, आणि बिअर यायला उशीर झाला की ते दांडा हलवता हलवता बिअरच्याच नावाने ओरडायचे. अग्निशमनाच्या इतिहासातली ही मला सर्वांत माणसासारखी वाटणारी नोंद.

आता नळी. सुरुवातीच्या नळ्या चामड्याच्या, शिवणीऐवजी तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेल्या. जड, आडमुठ्या. तेल-चरबी चोळली नाही की तडकतात. नंतर कॅनव्हासच्या आल्या. हलक्या, पण ओल्या गुंडाळून ठेवल्या की कुजतात. म्हणून त्या उंचावरून सरळ लोंबत्या वाळवाव्या लागतात. जुन्या अग्निशमन केंद्रांना मनोरा का असतो याचं अर्धं उत्तर हे आहे, धुणं वाळत घालायला. अर्धं उत्तर टेहळणी. वर एक माणूस आणि एक घंटा. फोन नसलेल्या गावात आधी धूर दिसायचा, मग घंटा वाजायची, आणि मग सुतार रंधा टाकून धावायचा. घंटा ऐकून बंबापर्यंत पळायचं आणि मग तो बंब दोरांनी ओढत आगीपर्यंत न्यायचा. घोडे ठेवायला पैसे लागतात. माणसं फुकट होती.

पाण्याचा नळ गावात येईपर्यंत बंबाची दुसरी नळी ओढ्यात, खड्ड्यात, जिथे मिळेल तिथे सोडायची. गाळ आत जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला जाळी. खाणींच्या ओढ्यातला चिखल त्या जाळीचं काय करत असेल याची कल्पना कुणालाही येईल. तेव्हा आग लागलेलं घर बहुतेक वेळा जायचंच. लढाई असायची पुढच्या घरासाठी.

आणि त्यासाठी दलाकडे पाण्याहून भरवशाचं एक हत्यार होतं: लांब बांबूसारख्या काठीला लावलेले लोखंडी आकडे, दोर आणि कुऱ्हाडी. आगीच्या वाटेतलं एखादं चांगलं, न जळलेलं दुकान पाडून टाकायचं, म्हणजे ज्वाळेला पुढे खायला काही उरत नाही. इथे कॅप्टनची खरी परीक्षा. कुणाचं दुकान पाडायचं? कुठल्या अधिकाराने? उद्या वारा फिरला आणि आग त्या बाजूला आलीच नाही, तर मालक त्याला कोर्टात खेचणार. अशा वेळी निवडून दिलेला, गावाच्या ओळखीचा कॅप्टन कामाला यायचा. सरकारी माणसाने पाडलं असतं तर दंगल झाली असती. परवाना तपासणाऱ्या पोलिसांचा राग अजून कुणी विसरलं नव्हतं.

ऐंशी मिनिटांत संपलेलं गाव

दल आणि पाणी यांचा नीट बंदोबस्त नसला तर काय होतं, ते पाहायला समुद्र ओलांडून ब्रिटिश कोलंबियात जावं लागेल. तीही तेव्हा इंग्रजांची वसाहतच, कॅनडात सामील झाली १८७१ ला. १८६२ मध्ये बिली बार्कर नावाच्या माणसाला विल्यम्स क्रीकच्या काठी खोल खणल्यावर सोनं लागलं आणि त्याच्या नावाचं बार्करव्हिल गाव उभं राहिलं. डोंगराच्या चिंचोळ्या घळीत, एकाच अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना खांबांवर उचललेली लाकडी घरं. भोवतालचे डोंगर उघडेबोडके, कारण झाडं खाणींच्या टेकूला आणि घरांना गेलेली.

१६ सप्टेंबर १८६८, दुपारी अडीचचा सुमार. बॅरी आणि ॲडलर यांच्या सलूनच्या मागच्या बाजूने आग निघाली. चुलीच्या नळकांड्याने कापडी छत पेटलं. गावात सांगतात की एक मुलगी तिथे इस्त्री करत होती, एका खाणवाल्याने तिचा मुका घ्यायचा प्रयत्न केला आणि त्या झटापटीत नळकांडं हललं. खरं-खोटं त्या दोघांना ठाऊक. गावाला मात्र दोषी म्हणून एक मुका बरा वाटला असावा. कापडाचं छत आपण सगळ्यांनीच ठोकलं होतं, हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं.

फ्रेडरिक डॅली नावाचा छायाचित्रकार तेव्हा गावातच होता. त्याने आगीचं वर्णन लिहून ठेवलं, आणि आगीच्या आधीच्या व नंतरच्या गावाचे फोटोही मागे ठेवले. आधीच्या फोटोत छपरांची दाटी आणि त्यांतून वर आलेली नळकांडी. नंतरच्या फोटोत धुरकट उतार, राख आणि उभी माणसं. साधारण ऐंशी मिनिटांत शंभराहून जास्त इमारती गेल्या. लोकांनी सामान ओढ्याच्या काठी नेऊन टाकलं, तेही बरंचसं पेटलं.

सहा दिवसांत तीसेक घरं पुन्हा उभी होती. हिवाळा तोंडावर होता, थांबायला वेळच नव्हता. पण या खेपेला रस्ता आधीपेक्षा रुंद ठेवला. आणि विल्यम्स क्रीक फायर ब्रिगेडचा बंब जिथे राहायचा त्याच इमारतीत गावाचं थिएटर रॉयल थाटलं गेलं. कॅरिबू या तिथल्याच भागातली हौशी नाटकमंडळी आणि हौशी अग्निशामक एका छपराखाली. ऐकायला विनोदी वाटतं, पण हिशेबी माणसाला लगेच पटेल. दोघांनाही मोठं दालन हवं, दोघेही बिनपगारी, नाटकाच्या तिकिटांवर नळ्या घेता येतात, आणि दिव्यांच्या रांगा, पडदे, दाटी यांमुळे गावात आग लागायची सर्वांत जास्त शक्यता कुठे, तर नाटकगृहातच. बंब तिथेच असलेला बरा! आज बार्करव्हिल जतन केलेलं ऐतिहासिक गाव आहे आणि ही जोडइमारत तिथे पाहायला मिळते.

पाणी आलं, पैसा आला, भांडणं आली

बॅलरॅटला परत येऊ. पश्चिमेकडच्या लोकांनी १८५९ मध्ये आपलं वेगळं दल काढलं. गावात दोन नगरपालिका होत्या, पूर्व आणि पश्चिम, आणि दोघींचं फारसं पटत नव्हतं. दोन दलांमुळे एक फायदा झाला: चुरस. पगार नसलेल्या माणसाला कवायतीला आणायचं तर चुरशीसारखं दुसरं औषध नाही. लाल शर्ट, चकचकीत पितळी शिरस्त्राण, गावातून मिरवणूक, आणि दुसऱ्या दलाला हरवायचं. १८७० च्या दशकापासून व्हिक्टोरियातल्या दलांच्या जाहीर स्पर्धा भरू लागल्या. नळीचं रीळ घेऊन पळायचं, नळी उलगडायची, जोडायची, पाणी सोडायचं आणि धारेने निशाण पाडायचं, सगळं घड्याळ लावून. शिडीच्या शर्यती वेगळ्या. या स्पर्धा आजही होतात. गणपतीतल्या ढोलपथकांची दोन महिने आधी सुरू होणारी तालीम ज्याने पाहिलीय, त्याला हे वेड समजावून सांगायला नको.

पण चुरस नेहमीच गावाच्या भल्याची नसते. मेलबर्नमध्ये १८८० च्या दशकात इतकी स्वयंसेवी दलं झाली होती की आगीच्या जागी आधी कोण पोचलं, नळ कुणी जोडायचा, हुकूम कुणाचा, यावरून वाद व्हायचे. शेवटी १८९० मध्ये कायदा झाला. पन्नासहून जास्त दलं मोडून मेलबर्नसाठी एक पगारी दल उभं राहिलं. मेलबर्नबाहेर, म्हणजे बॅलरॅट, बेंडिगोसारख्या गावांत, दलं स्वयंसेवीच ठेवली, फक्त त्यांच्यावर एक मंडळ नेमलं. कारण उघड आहे: महिन्याला दोन-तीन आगींसाठी वीस माणसांना बाराही महिने पगार द्यायला कुठल्या गावाला परवडणार?

खर्चाची वाटणी त्या कायद्याने तीन भागांत केली. एक तृतीयांश सरकार, एक तृतीयांश नगरपालिका, एक तृतीयांश विमा कंपन्या. १८५६ ची ठिगळंच, फक्त आता नीट शिवलेली. पण जोश्यांचा प्रश्न तसाच राहिला. विमा कंपनी आपला वाटा हप्त्यात मिळवून ग्राहकाकडूनच वसूल करणार. म्हणजे विमा काढणारा दलाचा खर्च देतो आणि विमा न काढणारा जोशी फुकटात वाचतो.

मधल्या काळात आगीचं रूप बदललं. गावं विटांची झाली, नळ आले, आणि मोठी भीती पुन्हा रानाची उरली. १३ जानेवारी १९३९ च्या वणव्यासह त्या उन्हाळ्यात ७१ माणसं गेली. न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांनी चौकशी केली, आणि पुढे आणखी वणव्यांनंतर १९४५ मध्ये गावातली दलं आणि रानातली दलं एका छत्राखाली आली: कंट्री फायर अथॉरिटी, सगळ्यांच्या तोंडी सीएफए. तिचे स्वयंसेवक आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत. बॅलरॅटच्या दोन्ही नगरपालिका १९२१ मध्येच एक झाल्या. ती दोन जुनी दलं मात्र अजून वेगळीच आहेत, एक पूर्वेचं, एक पश्चिमेचं. एक करायचा विषय काढून बघा कुणापुढे!

विम्याचा तिढा सुटायला २००९ उजाडावं लागलं. ७ फेब्रुवारीच्या वणव्यात १७३ माणसं गेली, चौकशी आयोगाने इतर अनेक गोष्टींबरोबर या वसुलीवरही बोट ठेवलं, आणि जुलै २०१३ पासून विम्यावरचा भार काढून तो थेट मालमत्तेवर बसवला. घर आहे ना, मग भरा. विमा काढलात की नाही हा तुमचा प्रश्न. सव्वाशे वर्षांनी जोश्यांना बिल गेलं.

मामा भारतात परतण्याच्या आदल्या रात्री मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुझं बिल दाखव." कौन्सिलचं बिल काढून दिलं. चष्मा वर-खाली करत त्यांनी ओळ शोधली. जुलै २०२५ पासून त्या कराचं नाव बदललंय, आता त्यात 'व्हॉलंटियर्स' हा शब्दच आहे. कर वाढला म्हणून स्वयंसेवकांनीच मेलबर्नच्या रस्त्यावर येऊन निदर्शनं केली होती, तेही सांगितलं.

"मग जे स्वतः विझवायला जातात, त्यांनीही भरायचा हा?"

नाही, म्हटलं. पात्र स्वयंसेवकांना राहत्या घरावरचा तो कर परत मिळतो.

मामांनी चष्मा काढला, बिलाची घडी घातली. "म्हणजे जायचं नसेल तर भरायचं," ते म्हणाले, "आणि तू भरतोयस."